चकलीचा धंदा गुंतवणूकदारापुढे मांडताना

भाजणीच्या चकलीसारखी घरोघरी होणारी वस्तू धंदा म्हणून निवडायला हरकत नाही. पण आधी ठरवा, पैसे बँकेकडून घ्यायचे की गुंतवणूकदाराकडून. महिन्याला लाखभर रुपये नफा देणारा एका तालुक्यातला कारखाना तुमच्यासाठी उत्तम आहे, बँकेलाही चालतो. गुंतवणूकदाराला त्याचा उपयोग नाही. त्याला व्याज मिळत नसतं. त्याचा हिस्सा काही वर्षांनी कितीतरी पट भावाने विकला गेला, तरच त्याचे पैसे सुटतात. तालुक्याबाहेर जायचं नसेल तर कर्जच घ्या. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. अशा योजनांची सध्याची स्थिती जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारा.

वाढायचंच असेल तर कल्पनेची परीक्षा घ्या, आणि ती दिवाळीत घेऊ नका. दिवाळीत कुणाचीही चकली खपते. जानेवारीत किंवा पावसाळ्यात १०० पाकिटं अनोळखी लोकांना पूर्ण किमतीला विका. सूट नको, नातेवाईक नकोत. फोन नंबर लिहून ठेवा आणि सहा आठवडे कुणालाही आठवण करू नका. तेवढ्यात किती जण आपणहून पुन्हा मागतात, हा आकडा चवीच्या शंभर कौतुकांहून मोलाचा आहे.

त्याच काळात मालाचीही परीक्षा चालू ठेवा. चकली तीन प्रकारे दगा देते: मऊ पडते, खवट होते, मोडते. मऊ पडण्याचं कारण बहुधा सीलमध्ये किंवा पातळ पाउचमध्ये असतं. गरम चकली पॅक केली तर आतल्या वाफेनेही तेच होतं, म्हणून पूर्ण थंड होऊ द्या. खवटपणा तेलातून येतो. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की नियमानुसार ते तेल वापरता येत नाही. तेल मोजण्याचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. पाउचमध्ये नायट्रोजन भरल्याने खवटपणा लांबतो आणि धक्केही थोडे कमी बसतात. एकाच घाण्यातली ३० पाकिटं बाजूला ठेवा, दर १५ दिवसांनी तीन फोडा आणि वास, कुरकुरीतपणा वहीत लिहा. मोडतोड तपासायला २४ पाकिटांचा खोका एसटीच्या पार्सलने कोल्हापूरहून मुंबईला पाठवा आणि पोचल्यावर तुकडे मोजा.

आता हिशेब. इथेच बहुतेक कल्पना पडतात, कारण लोक छापील किंमत हीच आपली कमाई धरतात. २०० ग्रॅमचं पाकीट १०० रुपयांना आहे असं उदाहरण घेऊ. दुकानदाराचे २० गेले, वितरकाचे ६ गेले, राहिले ७४. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तुमच्या हाती साधारण ७०.५०. भाजणी, मोहन, तेल, मसाला ३०, मजुरी आणि गॅस ११, पाउच आणि खोका ७, वाहतूक ४, असे ५२ वजा केले की १८.५०. फुटलेला आणि परत आलेला माल ६ टक्के धरला तर आणखी सव्वाचार रुपये जातात. उरलेल्या १४ रुपयांतून भाडं, पगार, जाहिरात भागवायची आहे. हे आकडे तुमच्या बिलांवरून भरा, अंदाजाने नको. तेल महागलं तर काय, याचीही एक ओळ लिहा.

उधारी विसरू नका. महिन्याला १०,००० पाकिटं जात असतील आणि पैसे ४५ दिवसांनी येत असतील, तर साधारण साडेदहा लाख रुपये कायम बाजारात अडकलेले असतात. तेलवाला मात्र रोख मागतो. नफ्यातले कारखाने याच फटीत बंद पडतात.

मांडणी दहा पानांच्या वर नको. पहिल्या पानावर कोण विकत घेतं आणि दुसऱ्यांदा का घेतं, एवढंच. ‘देशात इतके कोटी लोक, त्यातले एक टक्का धरले तरी’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी पुण्यातली ४०० दुकानं, दर दुकानी महिन्याला २५ पाकिटं, असं खालून वर मोजा; त्यातली किती दुकानं आज माल घेतात तेही सांगा. ‘आम्हाला स्पर्धा नाही’ असंही म्हणू नका. गल्लीतल्या काकूंची चकली हीच खरी स्पर्धा आहे, आणि तिच्यापेक्षा तुमची कशात सरस ते सांगता आलं पाहिजे. भेटीला त्या सकाळची ताजी चकली नेऊ नका. ६० दिवसांपूर्वीची तारीख असलेलं पाकीट न्या आणि समोरच्यालाच फोडू द्या.

किती मागायचं? ३० लाख मागून १२ टक्के हिस्सा देत असाल, तर पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत अडीच कोटी धरली जाते. ती का, हे विचारलं जाईलच. गुंतवणुकीच्या पुढच्या दोन फेऱ्यांत १५ आणि २० टक्के दिलेत तर संस्थापकांकडे सुमारे ६० टक्के उरतात, म्हणून पहिल्याच फेरीत एक तृतीयांश कंपनी देऊन बसू नका. ३० लाखांतले यंत्राला किती, उधारीला किती, पगाराला किती, आणि ते किती महिने पुरतील, हे एका पानावर असू द्या.

हिस्सा देण्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. एकट्याच्या मालकीच्या फर्ममध्ये शेअर नसतात. काकांकडून रोख घेऊन तोंडी ‘दहा टक्के तुमचे’ म्हणण्याची चूक फार होते. पुढचा गुंतवणूकदार तिथेच थांबतो, आणि घरातलं नातंही दुखावतं. खासगी वाटपाने, म्हणजे निवडक लोकांनाच, शेअर देताना कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे रोख चालत नाही. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात, ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि त्यानंतर १५ दिवसांत शेअर वाटल्याची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही, तेव्हा यंत्राची आगाऊ रक्कम त्यातून देण्याचं वचन कुणाला देऊ नका.