कौतुक कसे करावे आणि कसे स्वीकारावे

पंचवटीत वहिनींकडे जेवायला गेलो असताना पान वाढले जाताच मी सवयीने "वा, छान झाले आहे सगळे" असे म्हणून गेलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, आधी घास तरी घ्या." ज्याचे कौतुक करायचे ते आधी नीट पाहिलेले, ऐकलेले किंवा चाखलेले असावे, ही पहिली अट मी त्या पानावर शिकलो.

दुसरी अट अशी की काय आवडले ते नेमके सांगावे, आणि ज्याच्या हातून काम झाले त्यालाच सांगावे. नाशिकजवळ दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरले की विरळणी सुरू होते. हातात छोटी कात्री घेऊन बायका प्रत्येक घडातले दाटीचे मणी काढून टाकतात, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. बाग पाहायला आलेला पाहुणा "द्राक्षे फार सुंदर आहेत" असे मालकाला सांगून निघून जातो. त्याऐवजी विरळणी करणाऱ्या बाईजवळ थांबून "मावशी, घड आतून छान मोकळा झाला आहे, आणि कात्रीचे टोक एकाही मण्याला लागलेले नाही" असे म्हटले, तर आपले काम कोणीतरी ओळखले हे तिला कळते. हे मालकाच्या देखत म्हणावे, कारण मजुरी तो ठरवतो. कौतुक हे काही मजुरीच्या बदल्यात द्यायचे नसते.

कौतुकाच्या शेपटाला "पण" जोडू नये. सुधारणा सुचवायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी सुचवावी.

मुलांच्या बाबतीत शब्द अधिक जपून वापरावेत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत "तू हुशार आहेस" असे ऐकलेली मुले अवघड प्रश्नांत अपयश येताच लवकर खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने टिकून राहिली. म्हणून प्रगतिपुस्तक हाती आल्यावर "हुशार आहे माझी बाय" यापेक्षा "भागाकार चुकला तेव्हा तू तो पुन्हा मांडून पाहिलास, ते मी बघत होतो" हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

कौतुक घेणे मात्र आपल्याला त्याहून जड जाते. नाशिकजवळच्या टाकळीला तप केलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपणच करणाऱ्याला मूर्ख म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण तो नियम दुसऱ्याने केलेल्या कौतुकालाही लावून बसलो आहोत. साडी छान आहे म्हटले की "अहो, जुनीच आहे" असे उत्तर येते, आणि बोलणाऱ्याला आपलेच म्हणणे पुन्हा पटवून द्यावे लागते. यात नम्रता थोडी आणि समोरच्याची नजर खोटी पाडणे जास्त असते. अशा वेळी "बरे वाटले ऐकून" एवढे म्हणून थांबावे, श्रेय दुसऱ्याचे असेल तर त्याचे नाव तिथल्या तिथे घ्यावे, आणि उसने फेडल्यासारखे लगेच उलट कौतुक करण्याची घाई करू नये.

त्या दिवशी निम्मे जेवण झाल्यावर मी वहिनींना म्हणालो, "आमटीत चिंचेला गूळ आज नेमका लागला आहे." त्यावर "या वेळचा गूळच चांगला निघाला" असे म्हणून त्यांनी आणखी एक पळी आमटी वाढली.