पावसात गोव्यातल्या साखळी गावच्या बाजाराला जायचंय? रस्त्यावर पाणी आलं तर काय करायचं

चतुर्थीची खरेदी म्हणजे साखळीला जाणं आलंच, पण सत्तरी तालुक्याकडून येणाऱ्यांनी आधी वाळवंटी नदीचा अंदाज घ्या. अंजुणे धरणातून पाणी सोडलं आणि वर घाटात पाऊस धरून बसला की नदी पटकन चढते, इथे ऊन असलं तरी. निघण्याआधी बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करा, त्याच्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी घालू नका, प्लीज. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी कार तरंगू शकते, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता खचलाय की नाही ते वरून कळतच नाही. समोरची बस गेली म्हणून आपली स्कूटर जाईल असं नसतं, बसची चाकं बघा केवढी. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत परत स्टार्टर मारू नका, आत पाणी जाऊन इंजिनाचं कायमचं नुकसान होतं. पाणी वाढत असेल तर गाडी सोडून उंचावर जा आणि 112 लावा.

माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचं, सामान शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नारळ, सुपारी आधी घेतली तरी टिकते, राहिलेलं गावातच बघा.