सिम लॅबमध्ये फिजिओलॉजी शिकवायचीय? मग आदल्या दिवशी हे उरकून ठेवा

सगळ्यात आधी एक ठरवा, मेडिकलच्या फर्स्ट इयरच्या पोरांना मॅनिकिनपुढे (सिम लॅबमधला पेशंटसारखा वागणारा पुतळा) उभं करून पेशंट वाचवायला लावायचा नाहीये, रक्त गेल्यावर शरीर बीपी कसं धरून ठेवतं एवढंच दाखवायचंय. त्यामुळे क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची ट्रॉली), डिफिब्रिलेटर सगळं खोलीबाहेर काढा, ते दिसलं की सगळ्यांच्या अंगात कोड ब्लू, म्हणजे पेशंट वाचवायची धावपळ, संचारतो आणि बॅरोरिसेप्टर (बीपीवर नजर ठेवणारे रक्तवाहिन्यांतले सेन्सर) राहतात बाजूला.

मग आपलं मशीन नक्की काय करतं ते बघा. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत तयार झालेल्या एचपीएस (ह्यूमन पेशंट सिम्युलेटर) सारख्या सिम्युलेटरमध्ये गणिती मॉडेल असतं, ब्लड व्हॉल्यूम कमी केलं की हार्ट रेट आपोआप चढतो, हा सिम्युलेटर ऑक्सिजन घेऊन सीओटू सोडतोसुद्धा. बाकीचे बरेचसे मात्र ऑपरेटरने आकडे दिले की तसे वागणारे, म्हणजे रिफ्लेक्स तुम्हीच, म्हणून आकडे आधी कागदावर मांडून घ्या. उदाहरणार्थ 70 किलोचा माणूस, रक्त साधारण 5 लिटर, पल्स 72, बीपी 120/80. 1200 एमएल गेल्यावर पल्स 115, बीपी 108/84. आता हिशोब करा, मीन प्रेशर (सरासरी दाब, खालचा आकडा अधिक फरकाचा एक तृतीयांश) 93 चं 92, म्हणजे हललंच नाही म्हणा ना, पण पल्स प्रेशर, म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यातला फरक, 40 वरून 24 वर. नुसतं सिस्टोलिक (वरचा आकडा) बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, तेव्हा मॉनिटरवर मीन दिसतंय का ते चेक करा. 2 लिटर गेल्यावर पल्स 135 आणि बीपी 75/50 द्या. बदल दोन-तीन मिनिटांत हळूहळू होईल असा ट्रेंड लावा, खटकन आकडा बदलला तर शिकण्यासारखं काही उरत नाही. आणि दुसरा पेशंट तयार ठेवाच, तेवढंच रक्त गेलेलं पण मेटोप्रोलॉलवर (हार्ट रेट वाढू न देणारं बीटा ब्लॉकर औषध) असलेला, त्याचा पल्स सत्तरीतच अडकतो, खरी चर्चा इथे पेटते.

प्रत्येक स्टेपच्या आधी मॉनिटर झाकून अंदाज लिहून घ्यायचा, हार्ट रेट, मीन, पल्स प्रेशर, युरिन आउटपुट, काय वाढेल काय घटेल आणि का. हे मी अजिबात सोडू देणार नाही, नाहीतर हुशार दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. कागदासोबत पेन्सिलीच द्या, बॉलपेनची शाई मॅनिकिनच्या कातडीवर बसली की निघत नाही, पोव्हिडोन आयोडीनही लांबच ठेवा.

मॅनिकिनचे हातपाय थंड पडत नाहीत, तो फिका पडत नाही, आणि व्हॅसोकन्स्ट्रिक्शन (रक्तवाहिन्या आवळणं) तर तिथेच दिसणार, मग "हात गार, घामेजलेले" असं लिहिलेली कार्डं करून ठेवा. माइकवर बसून पेशंटचा आवाज देणाऱ्याला दोन-तीन वाक्यं पाठ करायला सांगा, मराठीतच, "डॉक्टर, फार तहान लागलीय, धडधडतंय", नाटक नको.

बाकी नेहमीचं, बॅटरी चार्ज, यूपीएस, बीपीचा कफ कॅलिब्रेट, मॅनिकिनचा हवेचा कॉम्प्रेसर शक्यतो शेजारच्या खोलीत, कारण त्या घरघरीत हार्ट साउंड ऐकू येत नाहीत, पंखाही बंद. एका वेळी आठ-दहा जणच. चर्चेला सिनॅरिओपेक्षा जास्त वेळ धरा, फळ्यावर ग्राफच्या अक्षरेषा आधीच आखून ठेवा, आणि पुढची बॅच आत यायच्या आत पेशंट परत 120/80 वर आणायला ऑपरेटरला सांगून ठेवा.