गाडीत सॅटेलाइट रेडिओसाठी पैसे भरावेत का?

भरू नका. भारतात आज गाडीसाठी विकत घ्यावी अशी सॅटेलाइट रेडिओ सेवाच नाही. वर्ल्डस्पेस होती, ती २००९ च्या अखेरीस बंद पडली. सिरिअस एक्सएम अमेरिका-कॅनडापुरती. तिचा रिसीव्हर कुणी हौसेने तिकडून आणून दिला तरी नागपुरात तो मुकाच राहणार. अँड्रॉइड स्टिरिओसोबत येणारी चौकोनी काळी डबी दाखवून दुकानदार ‘सॅटेलाइटवाली’ म्हणाला, तर ती जीपीएसची अँटेना आहे. तिचा उपयोग नकाशापुरता.

तेच पैसे एफएम नीट करण्यात घाला. नागपूर शहरातसुद्धा विविध भारती १००.६ वर खरखरत असेल तर दोष बहुतेक वेळा गाडीतच असतो. इंजिन सुरू ठेवून चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून सॉकेटमधून काढा. खरखर थांबली की चोर सापडला. स्वस्त चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना एफएमच्या पट्ट्यात गोंगाट सोडतो. चार्जर बदला आणि डॅशकॅमची वायर अँटेनाच्या केबलपासून लांबून न्या. तरी आवाज क्षीणच असेल तर छतावरची दांडी हाताने घट्ट करा. वॉशिंगला काढलेली बरेचदा सैलच बसवतात.

बाहेरून नवा स्टिरिओ बसवला असेल तर मागची निळी वायर आवर्जून तपासा. बऱ्याच गाड्यांत अँटेनाच्या बुडाशी छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट याच वायरीतून मिळतात. फिटरने ती टेप गुंडाळून मोकळी सोडली, तर भर सीताबर्डीत स्टेशन पकडत नाही. निळी-पांढरी वायर वेगळी, ती साउंडच्या अँप्लिफायरची.

शिवमडक्याहून समृद्धीला लागलात की शहराचं एफएम हळूहळू विरतं, कितीही चांगली अँटेना लावा. पुढे न्यूज ऑन एअर ॲपवर आकाशवाणी फुकट ऐकता येते. ६४ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट डेटा) तासाला २९ एमबी डेटा जातो, १२८ ला ५८. मनसर सोडून पेंचच्या बाजूने सिवनीकडे जाताना मात्र जंगलात नेट जातं. तिथे पेनड्राइव्हच कामाचा: ३२ जीबीचा घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, गाणी एमपी३ मध्ये भरा. १२८ केबीपीएसला पाचशे तासांहून जास्त मावतात. एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅट असेल तर बरेच स्टिरिओ तो वाचतच नाहीत.

मे महिन्यात फोन डॅशबोर्डवर ठेवू नका. तापून ॲप मध्येच बंद पडतं. एसीच्या जाळीवरचा होल्डर लावा.