परदेशस्थ ख्रिस्ती कुटुंबाने भारतातून मूल दत्तक घेताना

वसई, अहिल्यानगर, पुणे किंवा गोवा येथून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेली ख्रिस्ती दांपत्ये मूल दत्तक घ्यायचे ठरवतात, तेव्हा त्यांची पहिली विचारणा बहुधा गावाकडच्या फादरांकडे, मंडळीच्या पाळकांकडे किंवा ओळखीच्या सिस्टरांकडे जाते. एके काळी पोरक्या मुलांचा सांभाळ मोठ्या प्रमाणावर मिशनच्या आश्रमांतच होत असे, आणि पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे, त्यामुळे ही विचारणा स्वाभाविक म्हणावी लागेल. मात्र ओळखीतून थेट मूल मिळवण्याची ही वाट आज कायद्याने बंद आहे, आणि ती बंद असणेच मुलांच्या हिताचे आहे असे माझे ठाम मत आहे. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८० नुसार ठरलेली प्रक्रिया डावलून अनाथ, सोडून दिलेले किंवा समर्पित केलेले (म्हणजे आईवडिलांनी स्वतःहून हक्क सोडलेले) मूल देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूल स्वीकारणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी मुलाच्या जन्मदात्रीवर कोणी दबाव आणला होता का, हे त्याला कधीच कळत नाही. ते तपासण्याचे काम बाल कल्याण समितीचे आहे, आणि मूल समर्पित करणाऱ्या आईवडिलांना निर्णय बदलण्यासाठी ६० दिवसांची मुदत कायद्यानेच दिलेली आहे.

नात्यातले मूल घेण्याबाबतही आपल्याकडे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. भावाचे किंवा बहिणीचे मूल लहानपणी आपल्या घरी आणले, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपली नावे घातली, की ते मूल आपले झाले, असे अनेक घरांत मानले जाते. बाप्तिस्म्याचा दाखला हा दत्तकविधानाचा पुरावा नव्हे, आणि कोणताही परदेशी दूतावास त्याच्या आधारावर व्हिसा देत नाही. शिवाय हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ ख्रिस्ती कुटुंबांना लागू होत नाही. पूर्वी आपल्या हाती केवळ १८९० चा पालक व पाल्य अधिनियम होता, ज्याखाली पालकत्व मिळे, पण मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या लेखी संपे. आधी २००० च्या आणि आता २०१५ च्या बालन्याय कायद्याने धर्माची अट न ठेवता पूर्ण दत्तकविधान खुले केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात ही वाट कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला उपलब्ध असल्याचे स्पष्ट केले. परदेशातील ख्रिस्ती कुटुंबाने नात्यातले मूल घ्यायचे असले, तरी याच कायद्याने जावे लागते.

सर्वांत आधी स्वतःचे नागरिकत्व तपासावे. भारताने २००३ मध्ये एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक देण्याविषयीच्या १९९३ च्या हेग दत्तक कराराला मान्यता दिली, आणि अमेरिकाही या कराराची सदस्य आहे. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाला आय-८००ए (पालकांच्या पात्रतेसाठी) आणि त्यानंतर आय-८०० (ठरलेल्या मुलासाठी) हे अर्ज अमेरिकी सरकारकडे करावे लागतात, आणि ते अमेरिकी नागरिकालाच करता येतात. पती किंवा पत्नी यांपैकी एक जण नागरिक असेल, तर त्याने अर्ज करावा. दोघेही ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी व्हिसावर असतील, तर हा मार्ग उपलब्ध नसतो. भारताचा कायदा अनिवासी भारतीयांना प्राधान्य देतो हे वाचून काही जण नोंदणी करून मोकळे होतात आणि व्हिसाचा विचार नंतर करू म्हणतात. तसे अजिबात करू नये, कारण भारतात दत्तक आदेश मिळाला तरी मुलाला अमेरिकेत प्रवेश मिळेलच असे नाही. या बाबतीत जाणकार इमिग्रेशन वकिलाचा सल्ला पहिल्याच महिन्यात घ्यावा.

नागरिकत्वाची बाजू पक्की झाली, की आपण राहतो त्या देशातील अशी दत्तक संस्था गाठावी, जिला भारताच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजेच ‘कारा’ने, मान्यता दिलेली आहे. केअरिंग्ज या संकेतस्थळावरील नोंदणी हीच संस्था करते. विवाहाला किमान २ वर्षे झालेली असावीत, दोघांची संमती असावी आणि मुलाच्या व पालकांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर असावे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. मुलाचे वय वाढत जाते तशी ही मर्यादाही वाढते. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत, त्यांचा विचार सर्वसाधारणपणे विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना घर मिळणे अवघड जाते अशा मुलांसाठीच होतो.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, ती नावांच्या स्पेलिंगची. पासपोर्टवर डिसोझा हे आडनाव एका पद्धतीने, चर्चमधील विवाह नोंदीत दुसऱ्या पद्धतीने आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असते. बाप्तिस्म्याचे नाव एक आणि जन्मदाखल्यावरचे नाव वेगळे असेही होते. गृहअभ्यास, म्हणजे समाजसेविकेने घरी येऊन केलेली कुटुंबाची पाहणी, सुरू होण्यापूर्वीच सर्व दाखले एका टेबलावर मांडून एकेक अक्षर जुळवून पाहावे, आणि जिथे फरक असेल तिथे प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्त दाखला करून घ्यावा. ही तफावत शेवटच्या टप्प्यावर लक्षात आली, तर मूल संस्थेत आणि पालक परदेशात अशा अवस्थेत काळ जातो.

गृहअभ्यासासाठी ओळखीच्या व्यक्तींची शिफारसपत्रे लागतात आणि त्यांपैकी एक पत्र बहुधा पाळक किंवा धर्मगुरू देतात. त्या पत्रात कुटुंब किती श्रद्धाळू आहे याचे वर्णन पुरेसे नसते. पाळकांनी प्रत्यक्ष काय पाहिले आहे ते लिहिण्याची विनंती करावी: हे दांपत्य संडेस्कूलच्या मुलांशी कसे वागते, संकटाच्या काळात त्यांनी एकमेकांना कसा आधार दिला, मंडळीतील कोणती कुटुंबे पुढेही त्यांच्या पाठीशी उभी राहतील. समाजसेविका घरी आल्यावर मुलांना शिस्त कशी लावणार हा प्रश्न हमखास विचारते. आपल्यापैकी अनेक जण ‘छडी लागे छमछम’ ऐकत वाढलेले आहेत, परंतु ज्या मुलाने आधीच बरेच काही गमावले आहे त्याच्यावर हात उगारणे सर्वथा अयोग्य आहे. पतिपत्नींनी या विषयावर आधी आपसांत मोकळेपणाने बोलावे आणि मग प्रामाणिक उत्तर द्यावे.

कोणते मूल मिळेल याविषयी मनाची तयारी येथेच करावी लागते. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्यापासून ६० दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळाले नाही, तर ते आंतरदेशीय, म्हणजे परदेशातील कुटुंबाने घेण्याच्या, दत्तकासाठी खुले होते. त्यातही अपंगत्व असलेली मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना अग्रक्रम दिला जाऊ शकतो. भारतीय वंशाच्या पालकांना इतर परदेशी पालकांपेक्षा प्राधान्य असले, तरी निरोगी तान्ह्या बाळाची अपेक्षा धरून या मार्गावर येणे योग्य नव्हे. मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल आला, की तो दत्तक मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावा. जन्माच्या वेळचे वजन, डोक्याचा घेर आणि त्याची महिनोन्महिन्यांची वाढ, श्रवणाची तपासणी, कावीळ ब व एचआयव्हीचे निकाल, बसणे-चालणे-बोलणे कधी सुरू झाले, हे सर्व ओळीने पाहावे. जिथे रकाना रिकामा असेल तिथे संस्थेमार्फत प्रश्न विचारावा. प्रार्थना अवश्य करावी, परंतु ‘देवाने पाठवले, आता काही पाहायचे नाही’ असे म्हणून अहवाल बाजूला ठेवू नये. आपल्याला न पेलणारी जबाबदारी नाकारण्यात पाप नाही. ती स्वीकारून नंतर मुलाला परत पाठवणे मात्र त्या मुलावर दुसऱ्यांदा केलेला आघात असतो.

होकारानंतर अमेरिकेकडून आय-८०० ची तात्पुरती मंजुरी आणि हेग कराराच्या कलम ५ चे पत्र (पालक पात्र आहेत आणि मुलाला देशात प्रवेश मिळेल असे सांगणारे) मिळते, मग ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र येते आणि दत्तक आदेशासाठी अर्ज होतो. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवला आहे. आदेशानंतर हेग कराराच्या कलम २३ चे अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला), नवा जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट आणि शेवटी अमेरिकेचा आयएच-३ व्हिसा असे टप्पे असतात. शुल्क नियमात ठरलेले तेवढेच भरावे; दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांकडून संस्थेने देणगी घेणे निषिद्ध आहे, मग ती कृतज्ञतेपोटी दिलेली का असेना.

बाप्तिस्म्याची घाई करू नये. दत्तक आदेश होईपर्यंत मूल कायद्याने आपले नसते, त्यामुळे संस्कार त्यानंतरच करावा. कॅथलिक धर्मसंहितेच्या ११० व्या नियमानुसार नागरी कायद्याने दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल मानले जाते, आणि ८७७ व्या नियमात अशा मुलाची नोंद कशी करावी हे सांगितलेले आहे. म्हणून दत्तक आदेशाची प्रत धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात दाखवावी. सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर त्याला त्याच्या आधीच्या परंपरेचे सण आणि प्रार्थना आठवत असतात. त्या चुकीच्या होत्या असे त्याला सांगू नये, आणि बाप्तिस्म्याचा निर्णय ते मूल समजून, विचारून घेईपर्यंत थांबावे, असे मी प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगते. नाव बदलण्याबाबतही हेच लागू आहे. बाप्तिस्म्याचे नवे नाव जोडता येते. त्यासाठी संस्थेत ज्या नावाने हाक मारली जाई ते नाव पुसून टाकण्याची गरज नसते.

मूल महाराष्ट्रातील असेल, तर मराठी कुटुंबाकडे एक अनमोल गोष्ट असते. नव्या देशात, अनोळखी घरात, ‘भूक लागली’, ‘सू आली’, ‘भीती वाटते’ एवढे तरी ते आपल्या भाषेत सांगू शकते आणि समोरच्याला ते कळते. म्हणून पहिले काही महिने घरात ठरवून मराठी बोलावे, इंग्रजी शाळेत येईलच. संस्थेतील मावशींनी भरवलेला मऊ वरणभात हाच त्याचा परिचित आहार असेल, तर तोच द्यावा. मंडळीतील स्वागतसमारंभही काही आठवडे पुढे ढकलावा, कारण दर रविवारी नव्या हातांत जाणाऱ्या मुलाला आपले आईबाबा नेमके कोण हे उमगायला वेळ लागतो.

घरी आल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा अहवाल ‘कारा’कडे जातात. आयएच-३ व्हिसावर आलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला नागरिक पालकासोबत अमेरिकेत प्रवेश करताच नागरिकत्व मिळते. त्याचे प्रमाणपत्र टपालाने आले की नाही याकडे लक्ष ठेवावे. मूळ दत्तक आदेश, अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, संस्थेतील छायाचित्रे आणि पहिला भारतीय पासपोर्ट एका फाइलमध्ये जपावा. अठरा वर्षांनंतर मूल स्वतः आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते, त्याआधी पालकांसह करू शकते, तिऱ्हाइताला मात्र ती परवानगी नाही. त्या वेळी हीच कागदपत्रे त्याला लागतील.