आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक व्हिसा हातात आल्यानंतर होते. बी-1/बी-2 म्हणजे तात्पुरत्या भेटीच्या व्हिसावर बहुतेक भारतीयांना दहा वर्षांची मुदत मिळते, आणि ती बघून घरात जाहीर होतं की आता दहा वर्षं काळजी नाही. पण ही मुदत फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. शेवटची तारीख आय-94 नावाच्या नोंदीत जाते, आणि कायदा बघतो तो हीच तारीख.

ही नोंद आता ऑनलाइन असते. त्यामुळे आई-बाबा घरी पोचले, चहा झाला, की त्याच दिवशी सीबीपीच्या संकेतस्थळावर जाऊन दोघांच्याही आय-94 काढून ठेवा. दोघांच्याही, कारण एकाच काउंटरवरून आलेल्या नवरा-बायकोच्या तारखा वेगळ्या पडू शकतात. नोंद सापडत नसेल तर आधी नावाची मांडणी बदलून बघा. आपल्याकडे पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. शोधतानाही ते तसंच, दोन्ही मिळून टाकावं लागतं. तारीख किंवा व्हिसाचा प्रकारच चुकीचा पडला असेल तर सीबीपीच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयाकडून दुरुस्त करून घेता येतो. मात्र जायच्या आदल्या आठवड्यात नको, लगेच.

त्या तारखेनंतर एक दिवसही जास्त राहिलात तर दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. बेकायदा मुक्काम 180 दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षं.

बाळंतपण लांबलं, गुडघ्याचं दुखणं निघालं, म्हणून मुक्काम वाढवायचा असेल तर आय-539 हा मुदतवाढीचा अर्ज आय-94 संपण्यापूर्वी यूएससीआयएसकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे पोचला पाहिजे. निदान 45 दिवस आधी पाठवा असं ते स्वतःच सांगतात. निर्णय यायच्या आत परत निघालात तर अर्जाची पावती जपून ठेवा. पुढच्या वेळी 'सहा महिन्यांच्या वर का राहिलात' याचं उत्तर त्या कागदावर असतं. अर्ज नाकारला गेला तर मात्र रेंगाळू नका, मिळेल त्या विमानाने निघा.

आता मुळाकडे, म्हणजे व्हिसासाठी ऑनलाइन भरायच्या डीएस-160 फॉर्मकडे. हा फॉर्म एजंटला देऊन मोकळं होणारे पुष्कळ आहेत. एजंटचा खाक्या एकच: जिथे शंका तिथे 'नो'. खाली सही मात्र अर्जदाराची, आणि जाणूनबुजून दिलेली चुकीची माहिती सिद्ध झाली तर अमेरिकेचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात.

दोन प्रश्नांवर मराठी घरं हमखास घसरतात. पहिला, 'इतर कोणती नावं वापरली आहेत का?' समजा माहेरची कुंदा विष्णू जोशी लग्नानंतर माधवी सुरेश कुलकर्णी झाली. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही, पण फॉर्मच्या लेखी ही दोन वेगळी माणसं आहेत. तिथे 'येस' लिहून माहेरचं पूर्ण नाव द्यायचं, विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जवळ ठेवायचं. मुलाने पुढे आईच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला तर हाच धागा पुन्हा तपासला जातो.

दुसरा प्रश्न, तुमच्या नावे कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का? इथे बाबा 'नाही' म्हणतात, कारण तिकडे नागरिक झालेल्या धाकट्या भावाने कधीकाळी भरलेला आय-130, म्हणजे नातेवाइकाला कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज, ते विसरून गेलेले असतात. भावंडांच्या कोट्यात भारतीयांना दीड दशकाहून जास्त थांबावं लागतं, तेव्हा विसरणं साहजिक आहे. सरकारी संगणक विसरत नाही. फॉर्म भरण्यापूर्वी तिकडच्या भावाबहिणींना एक फोन करा.

फॉर्म एकदा सबमिट झाला की त्यात खाडाखोड होत नाही. नवा भरावा लागतो, त्याचा क्रमांकही नवा येतो. अपॉइंटमेंटमध्ये नोंदवलेला क्रमांक आणि हातातल्या पानावरचा क्रमांक जुळत नसेल तर रांगेतून परत यावं लागतं. सांगली-साताऱ्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्यांनी हे आदल्या दिवशीच ताडून बघावं.

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत होणाऱ्या मुलाखतीसाठी मुलाची बँक स्टेटमेंटं, घराचे फोटो, पगाराच्या पावत्या अशी जाडजूड फाइल बांधून नेतात. अधिकारी बहुधा ती उघडतसुद्धा नाही. त्याला हे जाणून घ्यायचं असतं की हे दोघे परत येणार का. म्हणून पेन्शन, शेती, इथे असलेलं दुसरं अपत्य यांबद्दल स्वतःच्या शब्दांत बोलता आलं पाहिजे. मुंबईत मुलाखत मराठीत देता येते. मुलाने पाठ करून घेतलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा आपली मराठी कितीतरी बरी.

परत येण्याची खात्री पटली नाही म्हणून 214(बी) या कलमाखाली नकार आला तर त्यावर अपील नसतं. परिस्थितीत काही बदल झाल्याशिवाय पुढच्याच महिन्यात पुन्हा फी भरण्यात अर्थ नाही. 221(जी)ची चिठ्ठी मिळाली तर प्रकरण वेगळं आहे: एखादा कागद कमी आहे किंवा तपासणी बाकी आहे. संकेतस्थळावर तेव्हाही 'रिफ्यूज्ड' असंच दिसतं, त्याने घाबरून नवा अर्ज टाकू नका. चिठ्ठीत लिहिलंय तेवढं करा आणि थांबा.

आणखी एक. सहा महिने राहून महिनाभर पुण्याला येऊन पुन्हा सहा महिने, असा क्रम लावला तर विमानतळावर विचारणा होणारच. 'भेटीला येता की राहता?' याचं पटेल असं उत्तर नसेल तर कमी दिवस मिळतात, किंवा तिथूनच परत पाठवतात. इतके महिनेच राहायचं असा लेखी नियम नाही, पण बाहेरचा काळ आतल्या काळापेक्षा जास्त ठेवणं शहाणपणाचं.

हे सगळं आई-बाबांसाठी तपासणाऱ्या मुलांनी स्वतःची आय-94ही त्याच बैठकीत काढावी. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी 2028 पर्यंतची असली तरी पासपोर्ट 2027 ला संपत असेल, तर प्रवेशाच्या वेळी अधिकारी अनेकदा 2027 चीच तारीख टाकतो. नंतर पासपोर्टचं नूतनीकरण केल्याने ती आपोआप पुढे सरकत नाही. देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत यावं लागतं किंवा कंपनीकडून मुदतवाढीचा अर्ज करून घ्यावा लागतो. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून भारतात सुट्टीवर येताना पासपोर्टची तारीख तिकीट काढायच्या आधी बघा.