झोन दिसला म्हणून हुरळू नका: दात किडवणाऱ्या जिवाणूंवर अर्क तपासताना या चुका टाळा

कडुलिंब, बाभूळ, लवंग, डाळिंबाची साल. ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’वर यांचे अर्क तपासण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात आणि चुकाही दरवर्षी त्याच होतात.

सगळ्यात महागात पडते ती सॉल्व्हंटची, म्हणजे अर्क काढायच्या द्रावकाची चूक. पानांची पूड इथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची आणि तो हिरवा द्रव थेट वेलमध्ये, म्हणजे जिवाणू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यात, सोडायचा. दुसऱ्या दिवशी छान झोन, म्हणजे वेलभोवती जिवाणू न वाढलेला मोकळा गोल, दिसतो, फोटो निघतात, ‘कडुलिंब प्रभावी’ असं लिहूनही होतं. मग तोंडी परीक्षेत विचारलं जातं, नुसत्या इथेनॉलची वेल कुठे आहे? ती लावली की तिच्याभोवतीही झोन निघतो आणि महिनाभराचं काम वाया जातं.

घाई करू नका. सावलीत वाळवलेली 10 ग्रॅम पूड 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास शेकरवर ठेवा. गाळून वॉटर बाथवर 40 अंशांच्या आसपास आटवा, जवळ ज्योत नको. बशीचं वजन लागोपाठ दोनदा सारखं भरलं तरच सॉल्व्हंट उडाला असं समजा. उरलेला चिकट अर्क आधी थोड्या शुद्ध डीएमएसओमध्ये (पाण्यात मिसळणारा एक द्रावक) विरघळवा, मग निर्जंतुक पाणी घालून डीएमएसओ 10 टक्क्यांवर आणा. त्याच 10 टक्के डीएमएसओची एक वेल प्रत्येक प्लेटवर हवीच. ‘एका प्लेटवर केली होती’ हे चालत नाही.

दुसरी खोड म्हणजे झोनच्या मिलिमीटरवरून अर्कांचे नंबर लावणं. लवंगेचं तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे अगारमध्ये नीट पसरत नाही. झोन लहान आला म्हणून ते दुबळं ठरत नाही. उलट 100 मिग्रॅ/मिलीचा अर्क 0.2 टक्के, म्हणजे 2 मिग्रॅ/मिली क्लोरहेक्सिडिनशेजारी (माउथवॉशमधलं जंतुनाशक) ठेवून ‘अर्क सरस’ म्हणणं तर सरळ दिशाभूल आहे. तुलना करायचीच तर बीएचआय ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात) दुप्पट-दुप्पट विरळ करत एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा, काढा. तेल असेल तर थोडं ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घाला, आणि तुलनेसाठी नुसत्या ट्वीनचा कंट्रोलही ठेवा. गडद अर्कात वाढीचा गढूळपणा दिसत नाही, तिथे रेझाझुरिन हा रंग वापरा: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. मात्र काही अर्क जिवाणूंशिवायही रंग बदलवतात, म्हणून अर्क आणि रेझाझुरिन एवढंच असलेली वेल (इथे ब्रॉथच्या प्लेटमधला कप) सोडू नका. शंका उरली तर प्रत्येक वेलमधून 10 मायक्रोलिटर बीएचआय अगारवर टाकून वाढ पाहा.

बाकीच्या थोडक्यात. साध्या म्युलर-हिंटन अगारवर म्युटन्स रडतखडत वाढतो. बीएचआय अगार घ्या किंवा 5 टक्के रक्त घाला. प्लेट कँडल जारमध्ये (मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या, ऑक्सिजन कमी झालेल्या बरणीत), 37 अंशांवर ठेवा. कल्चर ताजं, 0.5 मॅकफारलंडला (जिवाणूंच्या गढूळपणाचं प्रमाण) जुळवलेलं हवं. 90 मिमीच्या प्लेटमध्ये 25 मिली अगार ओता, म्हणजे जाडी 4 मिमीच्या आसपास येते. थर पातळ झाला की झोन उगाच फुगतो. आवळा-हिरड्याच्या अर्काचा पीएच मोजा आणि तेवढ्याच आंबट पाण्याची वेल लावा. आणि प्लेटवरच्या निकालावरून माउथवॉशची शिफारस लिहू नका: दातावर म्युटन्स बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, करून राहतो, तेव्हा आधी 1 टक्का सुक्रोज घातलेल्या ब्रॉथमध्ये बायोफिल्म वाढवा आणि अर्क त्यावर तपासा.